मागील रीडिंग

वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या अंगणात जातोय
आणि त्यांचे कुत्रे मला येऊ देत नाहीत.
उजव्या पोटरीवर कारापूरचे दोन दात आहेत,
डाव्या मनगटावर लामगावचा एक.
वीज खातं ह्याला तीन दिवस रजा देतं,
इंजेक्शनाची पावती जोडली तर.

म्हणून हसली डॉक्टर शमा फळदेसाई,
खाणीच्या रस्त्यावरून एक तांबडं कुत्रं
स्कूटरच्या पायदानावर घालून मी आलो तेव्हा.
उभ्या टिपरखाली होतं. मागचा एक पाय
बाकीच्या शरीराचं ऐकत नव्हता.
"तुम्ही?" ती म्हणाली. "आणि कुत्रं?"
मग प्लास्टर घालता घालता:
"सहा आठवडे सांभाळा, घर मी बघते.
फक्त नाव ठेवू नका.
नाव ठेवलं की देववत नाही."

तिसऱ्या आंघोळीला तो पांढरा निघाला.
पाय पिशवीत बांधलेला, मोरीतून
अख्खी डिचोली वाहत गेली तांबडी तांबडी
आणि खाली भलताच कुणी:
पांढरा, एका कानावर काजूबीएवढा डाग.
घरमालकीण कुंदाबाय च्यारी दारात येऊन म्हणाली,
"पावणो कितले दीस?"
तेवढंच चिकटलं. पावणो.
हे नाव नाही, मी डॉक्टरला सांगितलं,
चौकशी आहे.

दिवा मालवला की तो उठायचा
आणि प्लास्टर फरशीवर ठोकत
भिंतीभिंतीने फिरायचा, टक, टक,
बाहेर पडायची वाट शोधल्यासारखा.
दिवा लावला की झोपायचा. लगेच. निर्लज्जासारखा.
विनाकारण दिवे जाळू नका, असं लोकांना सांगणारा मी
सहा आठवडे साठचा बल्ब रात्रभर ठेवून
डोळ्यांवर पंचा टाकून झोपायला शिकलो.

सकाळी पोदेराचा भोंगा.
उंड्याचा मऊ भाग त्याला, कडा मला.
मग मी खाकी शर्ट घालायचो
आणि पलंगाखालून गुरगुर यायची.
संध्याकाळी शर्ट काढला की शेपटी.
म्हणजे एवढी वर्षं
मी नव्हतोच. शर्ट होता.

डॉक्टरकडे तीन फोन आले.
एकाला काजूच्या बागेत बांधायला हवा होता.
एकाने जात विचारली.
एक कळंगुटचा, शॅकवाला, सीझनपुरता, पुढचं पुढे.
तेव्हा घर मीच शोधलं.
मला घरं माहीत असतात, आतून नव्हेत,
आकड्यांनी. कुणाकडे एसी आला,
कुणाचा मुलगा बोटीवर गेला, कुणाचं माणूस गेलं.
मये, तळ्याच्या अंगाला, एर्मेलिंदा ब्रागांझा:
पूर्वी पासष्ट युनिट. नवरा वारला, चाळीस.
कुत्री मेली, एकवीस.
एकवीस.
एकवीस.
फाटकावरची पाटी गंजून 'सावध' तेवढंच उरलेलं.

"कोणाचा?" तिने विचारलं.
पाहुणा आहे, मी म्हटलं.
ती आत गेली आणि जर्मनचा एक वाडगा घेऊन आली.
धुतलेला. तीन वर्षं धुऊन ठेवलेला.
दिव्याचं सांगायचं राहून गेलं.
म्हणजे आठवलं होतं, फाटकाशी,
पण तेव्हा आवाज धड नव्हता.

पुढच्या महिन्यात मये माझ्याच यादीत.
फाटक ढकललं, अंगात खाकी,
आणि तो आला धावत, चारही पायांवर,
मानेचे केस उभे, दात बाहेर,
आपल्या अंगणात कुणी शिरल्यासारखा.
मी शर्ट काढला नाही.
भुंकू दिला.
मीटर वाचला. मागील रीडिंग, चालू रीडिंग,
फरक: एकोणचाळीस.
तिथेच उभ्याने हिशोब केला.
साठचा बल्ब, रात्रीचे दहा तास, तीस रात्री,
अठरा.

मशीनमधून बिल सुटलं. तिने चष्मा लावून बघितलं.
"जास्त आलंय," ती म्हणाली.
"बरोबर आहे," मी म्हटलं.